कंबरेतली गादी आणि लहान होत गेलेली चीर

१९०८ सालच्या डिसेंबरात बर्लिनमध्ये फेडोर क्राउझे या सर्जननी एका रुग्णाचा कंबरेतला कणा उघडला. त्या माणसाला कित्येक वर्षे पायात उतरणाऱ्या कळा येत होत्या आणि आता मज्जातंतूंवरचा दाब इतका वाढला होता, की लघवीवरचा ताबाही सुटला होता. कण्याच्या पोकळीत खालच्या बाजूला काहीतरी वाढले आहे, असे निदान मेंदू-मज्जातंतूंचे नामवंत वैद्य हेर्मान ओपेनहाइम यांनी केले होते. क्राउझेंनी मणक्यांच्या मागच्या कमानी कापल्या, मज्जातंतूंभोवतीचे आवरण उघडले आणि पुढून दाब देणारा एक छोटासा गोळा काढून टाकला. रुग्णाच्या कळा थांबल्या. पुढच्या वर्षी दोघांनी ही हकिगत छापली, तेव्हा त्या गोळ्याची नोंद त्यांनी कूर्चेची गाठ अशी केली. प्रत्यक्षात ती गाठ नव्हतीच. दोन मणक्यांमधल्या गादीतून निसटून मागे आलेला तो तुकडा होता. ऑपरेशन यशस्वी झाले, निदान मात्र चुकले. अशी चूक पुढची पंचवीस वर्षे होत राहिली.

या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुतेक वेळा चिरेच्या लांबीत मोजला जातो. आधी वीतभर, मग दोन बोटे, मग नखाएवढी. आणि आता तर टाकाही नको, असा तो चढता आलेख असतो. दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत हाच आलेख दिसतो आणि कंबर धरून बसलेल्या माणसाला तो पटतोही. मला मात्र या सव्वाशे वर्षांच्या घटना वेगळे काही सांगताना दिसतात. चीर लहान झाली ती परिणाम म्हणून. खरी प्रगती दोन गोष्टींत झाली: नेमके काय काढायचे ते सर्जनला स्वच्छ दिसू लागले आणि कोणाचे ऑपरेशन करायचे नाही हे वैद्यकाला हळूहळू उमगले. जिथे या दोन्ही गोष्टी न साधता नुसती चीर लहान केली गेली, तिथे रुग्णांचे नुकसान झाले. त्याचे पुरावे याच इतिहासात आहेत.

कंबरेत पाच मणके असतात आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट तंतूंचे कडे, आत मऊ, ओलसर गर. वय वाढते तसा गर सुकू लागतो आणि कड्याला भेगा पडतात. मग कधी वाकून ओझे उचलताना, कधी नुसत्या शिंकेनेही, आतला गर भेगेतून मागे येतो. मध्यापासून किंचित बाजूला हे कडे दुबळे असते आणि दुर्दैवाने नेमकी तिथूनच पायाकडे जाणारी नस उतरते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी आणि पाचव्या मणक्याखालची गादी, बहुतेक रुग्णांचा त्रास या दोघींपैकी एकीचा असतो. पण दुखते कुठे? कंबरेत थोडे आणि पायात फार. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलापर्यंत. दुखण्याची जागा एकीकडे आणि कारण हातभर वर दुसरीकडे, म्हणूनच वैद्यक इतकी शतके चकले.

नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये पहिल्यांदा नीट मांडले, की पायातली ही कळ खुब्याच्या सांध्याची नसून नसेची आहे. पाय सरळ ठेवून वर उचलला की कळ येते, ही खूण बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच यांनी १८८० मध्ये आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांच्या एका विद्यार्थ्याने १८८१ च्या आपल्या प्रबंधात नोंदवली. चाचणीला नाव लासेग यांचे राहिले. लाझारेविच यांची कीर्ती मात्र सर्बियन भाषेतले थोर कथाकार म्हणून उरली. नस ताणली की दुखते एवढे आता कळले होते. ती कशाने दुखावते हे कळले नव्हते. १९११ मध्ये ग्लासगोच्या मिडलटन आणि टीचर यांनी एका कामगाराची हकिगत प्रसिद्ध केली. जड पत्रा उचलताना त्याच्या कंबरेत काहीतरी कडकन वाजले, पाय लुळे पडले आणि काही दिवसांत तो दगावला. शवविच्छेदनात गादीचा गर कण्याच्या पोकळीत आलेला सापडला. ड्रेस्डेनमध्ये गेओर्ग श्मोर्ल यांनी १९२० च्या दशकात मृतदेहांतले हजारो कणे उभे चिरून तपासले आणि गादीच्या रचनेचे व झिजेचे बारीक ज्ञान जगाला दिले. मागे आलेले तुकडे त्यांनाही दिसले. पण त्यांच्यासमोर मृतदेह होते, तक्रारी सांगणारी माणसे नव्हती. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रुग्णांच्या कण्यातून कूर्चेचे सुटे तुकडे काढले आणि ते गादीतून आले असावेत असे स्पष्ट लिहिले. त्यांच्या लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अर्थात, पुरावा सगळा हजर होता, पण तो विखुरलेला होता. शवविच्छेदकांकडे तुकडे होते आणि दुखणे नव्हते, मज्जातंतू-वैद्यांकडे दुखणे होते आणि तुकडे नव्हते, तर सर्जनांकडे दोन्ही असूनही त्यांच्या कागदावर ‘गाठ’ लिहिलेले होते.

हे धागे जुळले बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. जोसेफ बार हे अस्थिशल्यविशारद, तर विल्यम जेसन मिक्स्टर मेंदू व मज्जातंतूंचे सर्जन. १९३२ मध्ये बार यांच्या एका रुग्णाच्या कण्यातून मिक्स्टर यांनी गाठ म्हणून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला. श्मोर्ल यांच्या कामाशी परिचय असलेल्या बार यांना शंका आली, की हा नमुना निरोगी गादीच्या शेजारी ठेवून पाहिला तर काय दिसेल? दोन्ही सारखेच दिसले. मग त्यांनी एक साधे काम केले, जे त्याआधी कोणी केले नव्हते. कण्यातून काढलेल्या ‘कूर्चेच्या गाठी’ म्हणून रुग्णालयात जपून ठेवलेले जुने नमुने त्यांनी बाहेर काढले आणि पुन्हा तपासले. त्यातल्या अनेक गाठी गाठी नव्हत्याच, गाद्यांचे तुकडे होते. ऑगस्ट १९३४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९ रुग्णांचा त्यांचा लेख आला. फाटलेल्या गादीमुळे नस दबते आणि तुकडा काढला की रुग्ण बरा होतो, हे त्यात ठामपणे मांडलेले होते. नवे हत्यार नाही, नवे औषध नाही. दोन वेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एका टेबलावर बसून जुने नमुने नव्या डोळ्यांनी पाहिले, एवढ्यावर लाखो रुग्णांचे भवितव्य बदलले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटणारा क्षण हाच आहे, आणि त्यात चिरेचा काहीच संबंध नाही.

शोध लागला तरी ऑपरेशन मात्र गाठ काढण्याचेच राहिले. पाठीवर लांब चीर, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवायचे, मणक्यांच्या कमानी काढायच्या, बऱ्याचदा मज्जातंतूंचे आवरणही उघडायचे आणि मग पुढे हात घालायचा. त्यानंतर रुग्ण कित्येक आठवडे अंथरुणावर. १९३९ मध्ये मेयो क्लिनिकच्या ग्राफ्टन लव्ह यांनी दाखवून दिले, की एवढे हाड काढायची गरज नाही. दोन कमानींमध्ये पिवळसर, लवचिक अस्थिबंधाचा पडदा असतो. तो कापून, लागलेच तर शेजारचे थोडे हाड टोकरून, एकाच बाजूने गादीपर्यंत पोचता येते. कमीत कमी इजा करणाऱ्या शस्त्रक्रियेची सुरुवात आपण १९९० च्या दशकापासून मोजतो, पण तिचा पाया लव्ह यांच्या या खिडकीत आहे. पुढच्या अनेक सुधारणा, सूक्ष्मदर्शक असो की नळी, याच खिडकीतून आत गेल्या.

पण मिक्स्टर-बार यांच्या शोधाचा एक दुष्परिणामही झाला. प्रत्येक कंबरदुखीमागे गादी दिसू लागली. त्या काळात आतले पाहायचे मुख्य साधन एकच होते: कण्याच्या पाण्यात तेलकट रंगद्रव्य सोडून क्ष-किरण छायाचित्र घ्यायचे. १९२१ मध्ये पॅरिसच्या सिकार आणि फोरेस्तिए यांनी लिपिओडॉल वापरून ही वाट दाखवली आणि १९४० च्या दशकात पँटोपेक हे दुसरे द्रव्य आले. चित्रात तुकड्याची केवळ सावली दिसे. हे तेल आत राहिले तर काही रुग्णांच्या मज्जातंतूंची आवरणे सुजून एकमेकांना चिकटत आणि मूळ दुखण्याहून वाईट दुखणे मागे लागे. अशा अंधुक पुराव्यावर ऑपरेशने होत राहिली. जॉन एफ. केनेडी यांची कंबर हे त्याचे जगजाहीर उदाहरण. जून १९४४ मध्ये बॉस्टनला त्यांच्या गादीचे ऑपरेशन झाले. गादी मऊ पडलेली आढळली, पण बाहेर आलेला ठळक तुकडा असा मिळाला नाही. दुखणे गेले नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला मणके जोडण्यासाठी धातूची पट्टी बसवली, त्यानंतर जंतुसंसर्ग होऊन ते मरणाच्या दारातून परतले आणि १९५५ च्या फेब्रुवारीत ती पट्टी काढावी लागली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांना बराच आराम मिळाला तो हान्स क्राउस या डॉक्टरांनी लावून दिलेल्या व्यायामाने. जगातल्या उत्तम सर्जनांचे हात लाभलेल्या माणसाची ही गत, तर सामान्य रुग्णांचे काय झाले असेल! ऑपरेशन होऊनही कंबर दुखतच राहिली, अशा रुग्णांचा एक मोठा वर्ग त्या दशकांत तयार झाला.

याच सुमारास एक फार सुंदर प्रयोग झाला. १९५८ मध्ये इंग्लंडच्या स्मिथ आणि राइट यांनी गादीच्या ऑपरेशनच्या वेळी आतल्या वेगवेगळ्या भागांतून, नसेभोवतीसुद्धा, नायलॉनचे धागे ओवले आणि त्यांची टोके जखमेतून बाहेर काढून ठेवली. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्यांनी एकेक धागा हळूच ओढून पाहिला. दाबल्या गेलेल्या नसेचा धागा ओढला, तेव्हाच रुग्णाला त्याची ओळखीची पायातली कळ आली. पुढे १९९३ मध्ये स्वीडनच्या ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर दाखवले, की गादीचा गर नसेवर नुसता ठेवला, जराही दाब दिला नाही, तरी नसेचे काम बिघडते. म्हणजे दुखणे केवळ दाबाचे नाही, दाहाचेही आहे. या गोष्टीला उपचारात मोठे महत्त्व आहे. दाह कालांतराने शमतो, आणि बाहेर पडलेला तुकडा शरीर स्वतःच खाऊन लहान करते. पुढे लागोपाठ काढलेल्या एमआरआयमध्ये हे डोळ्यांना दिसले. गादीपासून पुरता सुटलेला मोठा तुकडा, जो पाहून रुग्ण आणि नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात, तोच बहुधा सर्वांत जास्त विरघळतो.

चीर पूर्णच टाळण्याचा पहिला मोठा प्रयत्न पपईतून आला. कच्च्या पपईच्या चिकात प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे पपईची फोड घालतात, ती याच गुणामुळे. १९५६ मध्ये लुइस थॉमस यांनी पपेन टोचल्यावर सशांचे ताठ कान लुळे पडल्याचे नोंदवले. कूर्चा मऊ होत होती. शिकागो भागातले लायमन स्मिथ यांनी यातून हेरले, की असे द्रव्य गादीत टोचले तर आतला गर विरघळेल. १९६३ मध्ये त्यांनी कायमोपपेन हे द्रव्य पहिल्यांदा माणसांच्या गादीत टोचले. नुसती सुई, चीर नाही, हाड कापणे नाही. चाचण्यांत ते खोट्या औषधाहून सरस ठरले, ऑपरेशनहून मात्र कमी पडले. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळताच हजारो डॉक्टर ते वापरायला धावले. काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली. काहींच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडले, काही दगावले. सुई क्ष-किरणाच्या छायेवर भरवसा ठेवून घातलेली असे. ती नेमकी कुठे आहे आणि द्रव्य कुठवर पसरते आहे, हे डोळ्यांना दिसत नव्हते. पुढच्या वीसेक वर्षांत हे औषध अमेरिकेच्या बाजारातून गेले. याहून बारीक वाट असू शकत नाही, तरी ती टिकली नाही.

टिकली ती झुरिचच्या गाझी यासर्गिल आणि जर्मनीतल्या हॉम्बुर्गच्या वोल्फहार्ट कास्पार यांची वाट. दोघांनी १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या गादीच्या शस्त्रक्रियेचे लेखन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लास व्हेगासच्या रॉबर्ट विल्यम्स यांनी ५३२ रुग्णांचा आपला अनुभव छापला. सूक्ष्मदर्शकाने नेमके काय दिले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कंबरेतली नस कातडीपासून चार-पाच सेंटिमीटर खोल असते, धिप्पाड माणसात त्याहूनही खोल. वरच्या दिव्याचा प्रकाश इतक्या खोल आणि अरुंद जागेत नीट उतरत नाही. सर्जन वाकला की त्याच्याच डोक्याची सावली पडते. म्हणून चीर लांब घ्यावी लागे. ती हात घालण्यासाठी कमी आणि उजेडासाठी जास्त असे. सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश नजरेच्या रेषेतूनच खाली जातो. आता दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून तळ लख्ख दिसू लागला. पिवळ्या अस्थिबंधाखालची चरबी, तिच्यातून उतरणारी पांढरट नस, तिच्यावरच्या केसासारख्या निळ्या शिरा, आणि नस अलगद मध्याकडे सरकवली की तिच्याखाली ताणून बसलेला तुकडा, हे सगळे मोठे आणि खोलीसह दिसे. रक्त कुठून येते ते दिसल्यामुळे थांबवता येई. गादी पूर्ण खरवडण्यापेक्षा निसटलेला तुकडा काढा, नसेभोवतीची चरबी राखा, असा विल्यम्स यांचा आग्रह होता. चीर लहान झाली कारण उजेड आत पोचला. म्हणूनच आजही जगभर नव्या तंत्राची तुलना याच शस्त्रक्रियेशी होते.

त्याच काळात दुसरी वाट मागून न जाता कुशीच्या बाजूने आत शिरत होती. टोकियोच्या सादाहिसा हिजिकाता यांनी १९७५ मध्ये आणि फिलाडेल्फियाच्या परवीझ काम्बिन यांनी त्याच दशकात बारीक नळीतून गादीच्या मधला गर काढायला सुरुवात केली. बाहेर पडणारी नस, खालच्या मणक्याची वरची कड आणि आतले मज्जातंतू यांच्यामधला एक त्रिकोण काम्बिन यांनी सुरक्षित म्हणून दाखवून दिला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८५ मध्ये गॅरी ओनिक यांनी गर कापून शोषून घेणारी स्वयंचलित सुई आणली. १९८६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये लेसरने गर जाळण्याचा प्रयोग झाला. या सगळ्यांचे गृहीतक एक होते, की मधला गर कमी केला की दाब उतरेल आणि मागे आलेला भाग आपोआप आत जाईल. रुग्ण जागा असे, भूल फक्त जागेपुरती, संध्याकाळी घरी. पण नसेवर बसलेला तुकडा कोणाला दिसत नव्हता आणि त्याला कोणी हातही लावत नव्हते. १९९५ मध्ये लिव्हरपूलच्या चटर्जी आणि सहकाऱ्यांनी ७१ रुग्णांमध्ये स्वयंचलित सुई आणि सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. सुईने २९ टक्के रुग्णांना समाधानकारक आराम मिळाला, सूक्ष्मदर्शकाने ८० टक्क्यांना. छिद्राच्या आकारावर गुण द्यायचे असते तर निकाल उलटा लागला असता.

मधल्या काळात आतले पाहण्याची साधनेही बदलली. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला आणि दहा-पंधरा वर्षांत सीटी व एमआरआय या दोन्ही तपासण्या कण्यासाठी रुळल्या. तेलकट द्रव्य टोचण्याची गरज संपली. कोणती गादी, कोणती बाजू, तुकडा वर सरकला की खाली, हे चीर घेण्यापूर्वीच कळू लागले आणि जागा नेमकी कळल्याशिवाय लहान चीर घेणे शक्यच नव्हते. पण यंत्राने एक सापळाही लावला. १९९४ मध्ये मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली होती आणि २७ टक्क्यांमध्ये ती एका बाजूने बाहेरही आलेली होती. या माणसांना काहीच त्रास नव्हता. म्हणजे चित्रात गादी दिसली, एवढ्यावर ती गुन्हेगार ठरत नाही. पायातली कळ, पाय उचलण्याची ती जुनी चाचणी, अंगठ्याची ताकद, बधिर झालेली जागा हे सगळे त्याच नसेकडे बोट दाखवत असेल, तरच चित्राला अर्थ. लाझारेविच आणि लासेग यांचा हात आजही लागतो तो यासाठी.

उजेड आत नेण्याची युक्ती कळल्यावर नळ्या आल्या. १९९७ मध्ये अमेरिकेत मेम्फिसच्या केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी स्नायू न कापता, एकात एक बसणाऱ्या नळ्यांनी स्नायूंचे धागे नुसते बाजूला सारून, कॅमेरा बसवलेल्या नळीतून तुकडा काढला. ॲरिझोनाच्या अँथनी यंग यांनी कुशीच्या वाटेला दुर्बीण जोडली. सतत वाहणाऱ्या सलाइनमुळे चित्र स्वच्छ राही, आणि काम्बिन यांच्या त्रिकोणातून आता नस व तुकडा दोन्ही पाहत काम करता येऊ लागले. पुण्याचे सतीशचंद्र गोरे यांनी यंग यांच्याबरोबर या तंत्रावर लेखन केले आहे. जर्मनीतल्या हेर्ने गावच्या सेबास्टियान र्‍यूटन यांनी मागच्या खिडकीतूनही पूर्णपणे दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून दाखवली आणि २००८ मध्ये दोनशे रुग्णांची सूक्ष्मदर्शकाशी तुलना छापली. पायाचे दुखणे दोन्हीकडे सारखेच कमी झाले, दुर्बिणीने पाठ कमी दुखली आणि माणसे लवकर कामाला लागली. जुनी आंधळी सुई आणि ही दुर्बीण बाहेरून जवळपास सारख्याच छिद्रातून आत जातात. फरक एवढाच, की दुर्बिणीला डोळा आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग लहान चिरेचे श्रेय नाकारता कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ३२८ रुग्णांमध्ये नळीची शस्त्रक्रिया आणि नेहमीची सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत ते माहीत नव्हते. नळीच्या गटाचा निकाल सरस तर आला नाहीच, उलट पाय आणि पाठ दोन्हींच्या दुखण्यात किंचित कमीच पडला. नंतर, २०२२ मध्ये, नेदरलँड्समधूनच गद्जराज आणि सहकाऱ्यांनी ६१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुशीतून केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया पायाच्या दुखण्यात सूक्ष्मदर्शकाच्या तोडीस तोड ठरली. म्हणजे दुर्बीण उत्तम साधन आहे, यात शंका नाही. ज्याला पूर्ण भूल झेपणार नाही अशा वृद्धाला किंवा हृदयरोग्याला तिचा फायदा मोठा आहे. पण ती शिकायला वेळ लागतो आणि शिकण्याच्या काळात चुका होतात, हे ती वापरणारे सर्जन स्वतः सांगतात. ज्या हाताने सूक्ष्मदर्शकाखाली हजार गाद्या केल्या, तो हात रुग्णासाठी नवशिक्या दुर्बिणीपेक्षा सुरक्षित आहे. लहान चिरेचे मोल आहेच. फक्त ते दुसऱ्या क्रमांकाचे आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. तुकडा आपोआप विरघळत असेल, तर ऑपरेशन करायचेच कशाला? ओस्लोच्या हेनरिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा मागोवा छापला. एका वर्षाने ऑपरेशनवाले पुढे होते, चार वर्षांनी फरक पुसट झाला, दहा वर्षांनी उरलाच नाही. २००७ मध्ये डच डॉक्टर विल्को पॉल यांनी दीड ते तीन महिने तीव्र सायटिका, म्हणजे नस दुखावल्याने पायात उतरणारी कळ, असलेले २८३ रुग्ण दोन गटांत वाटले. लवकर ऑपरेशन केलेल्यांना बरे व्हायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र दुखणे सहन न होऊन वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावे लागले. म्हणजे ऑपरेशन बहुतेकांना वेळ मिळवून देते. आठ आठवड्यांचा पगार बुडणार असेल, रात्रभर झोप नसेल, तर तो वेळ थोडा नाही. थांबण्यालाही मर्यादा आहे. कॅनडातल्या बेली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये चार ते बारा महिने सायटिका भोगलेल्या १२८ रुग्णांमध्ये पाहिले, की सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांचे पाय दुसऱ्या गटापेक्षा बरेच कमी दुखत होते. तेव्हा बराच काळ मुरलेल्या सायटिकेला ‘आणखी थोडे थांबा’ असे सांगत राहणेही योग्य नव्हे.

हा सगळा पुरावा रुग्णाच्या हाती यायला हवा, कारण निर्णय शेवटी त्याचा आहे. पायातली कळ कितीही तीव्र असली तरी पाय चालतो आहे, लघवी-शौच सुरळीत आहे, तोवर सहा आठवडे औषध, हालचाल आणि व्यायाम यांना द्यावेत. अंथरुणाला खिळून राहू नये. त्यानंतरही कळ हटली नाही आणि ऑपरेशनचा विषय निघाला, तर किती सेंटिमीटरची चीर, हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावे: माझ्या पायात जिथे दुखते, तीच नस एमआरआयमध्ये दबलेली दिसते का? तुम्ही कोणत्या पद्धतीने करता, आणि तीच पद्धत का? आतापर्यंत किती केलीत? आणि लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, दोन मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईनासे झाले, तर कोणत्याही पद्धतीची चर्चा न करता त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे वाट पाहिल्याने झालेले नुकसान अनेकदा कोणत्याही चिरेने भरून येत नाही.